खर्जाच्या तारेचा वेढा : सपाट आणि गोल

एखाद्या संज्ञेने वस्तूचे अचूक वर्णन करावे आणि त्याच वेळी तिच्या गुणांविषयी चुकीची अपेक्षा निर्माण करावी, असे तांत्रिक परिभाषेत पुष्कळदा घडते. विद्युत् बास गिटारच्या तारांसंबंधी रूढ असलेल्या ‘फ्लॅटवाउंड’ आणि ‘राउंडवाउंड’ या दोन संज्ञा या प्रकारात मोडतात. आपल्याकडील गायक-वादकांच्या बोलीत ‘गोल’ आवाज म्हणजे कडा नसलेला, भरीव व मृदू आवाज. सतारीच्या घोडीच्या संदर्भातही ‘खुली’ जवारी झणझणीत, ‘बंद’ जवारी दबलेली आणि ‘गोल’ जवारी या दोहोंच्या मधली, असा संकेत आहे. या संकेताचे संस्कार असलेल्या विद्यार्थ्याने बास गिटारसाठी ‘गोल’ वेढ्याची तार मागितली, तर त्याच्या हाती अपेक्षेच्या नेमकी उलट वस्तू पडते. गोल वेढ्याची तार ही प्रखर नादाची असते, आणि कानाला गोल वाटणारा नाद सपाट वेढ्याच्या तारेतून निघतो. हा विरोधाभास का उद्भवतो, दोन्ही तारांच्या नादगुणांतील भेदाचे मूळ कशात आहे, आणि त्यांतून निवड करताना कोणत्या गोष्टींना प्राधान्य दिले पाहिजे, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. तारेला वेढा का लागतो?

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत ‘प्रिसिजन बास’ हे वाद्य बाजारात आणले आणि तेव्हापासून विद्युत् बास गिटारला आजचे स्वरूप प्राप्त झाले. उभ्या धरून वाजवावयाच्या प्रचंड डबल बासची जागा आडव्या, पडदे असलेल्या आणि विजेच्या साहाय्याने आवाज वाढविता येणाऱ्या वाद्याने घ्यावी, हा त्यामागील हेतू होता. या वाद्याच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६.४ सेंटिमीटर ठेवण्यात आली, आणि हेच माप पुढे सर्वसामान्य ठरले. चार तारांपैकी सर्वांत खर्जातील तारेची मूलकंपने दर सेकंदाला सुमारे ४१.२ असतात. उरलेल्या तीन तारांची अनुक्रमे ५५, ७३.४ आणि ९८.

तारेची कंपनसंख्या तीन गोष्टींवर अवलंबून असते : लांबी, ताण आणि दर एकक लांबीचे वस्तुमान. लांबी निश्चित केल्यावर स्वर खाली आणण्याचे दोनच मार्ग उरतात. ताण कमी करावा, तर तार लोंबते, पडद्यांवर आपटते आणि स्वर अस्थिर होतो. म्हणून वस्तुमान वाढविणे भाग पडते. सुमारे १७ किलोग्रॅम ताणावर वरील ४१.२ कंपने मिळवावयाची, तर साध्या पोलादी तारेची जाडी २.३ मिलिमीटर इतकी असावी लागेल, असे गणिताने निघते. एवढ्या जाडीची पोलादी तार ही वस्तुतः सळईच होय. ती बोटाखाली वाकत नाही, आणि तिचे उपस्वरही मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत राहत नाहीत. ताठपणामुळे वरचे उपस्वर क्रमाक्रमाने अधिकाधिक चढे होत जातात व नाद धातूच्या कांबीवर आघात केल्यासारखा बेसूर होतो.

या अडचणीवरील उपाय युरोपातील तंतुवाद्यांना सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून परिचित आहे. आत बारीक व लवचिक गाभा ठेवावयाचा आणि त्याभोवती दुसऱ्या तारेचे वेढे द्यावयाचे. वेढ्यांमुळे वस्तुमान वाढते, परंतु वाकण्याला होणारा विरोध मुख्यतः गाभ्यापुरताच मर्यादित राहतो. भरीव तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, गाभा निम्म्या जाडीचा केला की त्याचा ताठपणा सोळाव्या हिश्श्यावर येतो. वेढा हा केवळ बाह्य आवरणाचा भाग नसून खर्जाच्या तारेचे संगीतोपयोगी असणेच त्यावर अवलंबून आहे, हे यावरून ध्यानी येईल.

२. दोन वेढ्यांतील भेद

येथे संज्ञेचा उलगडा होतो. ‘सपाट’ आणि ‘गोल’ ही विशेषणे संपूर्ण तारेची नसून वेढा देण्यासाठी वापरलेल्या बाह्य तारेच्या छेदाची आहेत. तयार झालेली तार दोन्ही प्रकारांत दंडगोलच असते. बाहेरून गोल छेदाची तार गुंडाळली, तर पृष्ठभागावर स्क्रूच्या आट्यांसारख्या उंचवट्यांची व खाचांची रांग तयार होते. त्याऐवजी चपटी, फितीसारखी पट्टी कडेला कड लावून गुंडाळली, तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो. या दोन टोकांच्या मधलाही एक प्रकार आहे. त्यात गोल वेढ्याच्या तारेचे उंचवटे घासून किंवा दाबून कमी केलेले असतात. याखेरीज धातूच्या तारेवर नायलॉनची पट्टी गुंडाळण्याचीही पद्धत आहे. विद्युत् गिटारचा पिकअप हा चुंबकाच्या क्षेत्रात लोहयुक्त तार हलल्याने निर्माण होणाऱ्या विद्युत्प्रवाहावर चालत असल्यामुळे, नायलॉनच्या आत पोलाद असेल तर ही तारही त्यावर उत्तम वाजते. केवळ आतड्याची तार मात्र त्याला ऐकूच येणार नाही.

पृष्ठभागाचा हा भेद दिसावयास लहान असला, तरी त्याचे तीन परिणाम होतात. पहिला परिणाम वजनाचा. गोल तारांच्या वेढ्यांमध्ये पोकळ्या राहतात. पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात. त्यामुळे समान जाडीच्या दोन तारांपैकी सपाट वेढ्याच्या तारेत सामान्यतः अधिक धातू मावतो, आणि तोच स्वर मिळविण्यासाठी तिला अधिक ताण द्यावा लागतो. अर्थात हा अटळ नियम नव्हे. गाभा व पट्ट्या यांची योजना बदलून कमी ताणाच्या सपाट वेढ्याच्या ताराही तयार केल्या जातात. दुसरा परिणाम घर्षणाचा. तार वाकताना पट्ट्यांच्या लगतच्या कडा एकमेकींवर घासतात आणि कंपनाची ऊर्जा, विशेषतः वरच्या उपस्वरांची, त्या घर्षणात खर्ची पडते. तिसरा परिणाम बोटाचा. गोल वेढ्यावरून बोट सरकले की प्रत्येक उंचवट्याचा सूक्ष्म आघात होऊन खरखर निर्माण होते. सपाट वेढ्यावर ती जवळजवळ नाहीशी होते.

३. नादगुणाचे विश्लेषण

वादक या भेदाचे वर्णन करताना ‘उबदार’, ‘कोरडा’, ‘चकचकीत’, ‘मऊ’ असे शब्द वापरतात. हे सर्व शब्द स्पर्श, दृष्टी आणि तापमान यांच्या क्षेत्रांतून उसने घेतलेले आहेत. नादगुणाला स्वतःची शब्दसंपत्ती जवळजवळ नाही, हे अनेक भाषांत आढळणारे सत्य आहे. या लाक्षणिक शब्दांच्या मुळाशी असलेला वस्तुनिष्ठ भेद मात्र ध्वनिशास्त्राच्या परिचित साधनांनी स्पष्ट करता येतो.

‘ऊ’ आणि ‘ई’ हे दोन स्वर एकाच पट्टीत म्हटले, तर त्यांची मूलकंपने तीच असतात. भेद पडतो तो मुखविवराने कोणत्या उपस्वरांना उठाव दिला यामुळे. पुरुषाच्या आवाजात ‘ऊ’चे दुसरे अनुनादकेंद्र सामान्यतः एक हजार कंपनांच्या खाली असते, तर ‘ई’चे दोन हजारांच्या वर. सपाट आणि गोल वेढ्यांच्या तारांतील भेद बराचसा याच जातीचा आहे. सपाट वेढ्याच्या तारेची ऊर्जा मूलस्वर व पहिले काही उपस्वर यांत एकवटलेली असते, म्हणून तिचा नाद ‘ऊ’कडे झुकतो. नव्या गोल वेढ्याच्या तारेत हजार-दोन हजार कंपनांच्या वरचे उपस्वरही ठळकपणे ऐकू येतात, आणि तिचा नाद ‘ए’ व ‘ई’ यांच्या दिशेने उघडतो.

या साम्याला एक मर्यादा आहे, आणि तिच्यातच दुसरा महत्त्वाचा भेद दडलेला आहे. उच्चारलेला स्वर काही काळ स्थिर राहू शकतो. छेडलेल्या तारेचा नाद मात्र पहिल्या क्षणापासूनच विरत जातो, आणि त्याचे वेगवेगळे उपस्वर वेगवेगळ्या गतीने विरतात. सपाट वेढ्याच्या तारेत वरचे उपस्वर आघातानंतर लगेच मावळतात. त्यामुळे ‘ब’ किंवा ‘द’ यांसारख्या स्पर्शव्यंजनानंतर आखूड स्वर यावा तसा तिचा नाद भासतो : आरंभी एक भरीव ठोका, मागून थोडासा सूर. गोल वेढ्याच्या तारेत आघातही धारदार असतो आणि उपस्वर दीर्घकाळ टिकतात.

यावरून एका प्रचलित युक्तिवादाची परीक्षा करता येते. गोल वेढ्याची प्रखर तार घ्यावी आणि मृदू नाद हवा तेव्हा वाद्यावरील नियंत्रकाने वरचे उपस्वर कमी करावेत, म्हणजे एकाच तारेने दोन्ही कामे होतील, असे सांगितले जाते. यातील अर्धा भाग बरोबर आहे. जे तारेत आहे ते कमी करता येते; जे मुळातच नाही ते वाढविता येत नाही. परंतु नियंत्रक हा सर्व क्षणी सारखाच काम करतो. तो आघातातील धार आणि नंतरच्या सुरातील तेज दोन्ही एकदमच दाबतो, आणि मूलस्वराचे दीर्घ रेंगाळणे तसेच राहू देतो. सपाट वेढ्याच्या तारेचे वैशिष्ट्य उपस्वरांच्या केवळ अभावात नसून त्यांच्या मावळण्याच्या क्रमात आहे, आणि तो क्रम नियंत्रकाला निर्माण करता येत नाही.

आणखी एक बाब विचारात घ्यावयास हवी. ४१ कंपनांचा मूलस्वर लहान ध्वनिक्षेपकातून बहुधा बाहेरच पडत नाही. तरीही श्रोत्याला स्वर ओळखता येतो, याचे कारण ८२, १२४, १६५ असे उपस्वर ऐकू आले की कान त्यांच्यातील समान अंतरावरून मूलस्वराचे अनुमान करतो. पारंपरिक दूरध्वनीवर सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांचाच पट्टा पाठविला जात असे. पुरुषाच्या आवाजाची मूलकंपने त्या पट्ट्याच्या खाली राहूनही बोलणाऱ्याच्या आवाजाची उंची आपल्याला जाणवत असे, ती याच अनुमानाने. लहान ध्वनिक्षेपकावर सपाट वेढ्याच्या तारेचा नाद कधी कधी हरवल्यासारखा वाटतो आणि गोल वेढ्याच्या तारेचा टिकून राहतो, त्याचे कारण कानाला अनुमानासाठी मिळणाऱ्या सामग्रीच्या या कमी-अधिकपणात आहे.

४. डेट्रॉइट आणि लंडन

१९५० च्या दशकात विद्युत् बासवर सपाट वेढ्याच्या ताराच सर्वत्र असत. डबल बासवरील पोलादी तारांना गजासाठी गुळगुळीत पृष्ठभाग लागे आणि तीच प्रथा नव्या वाद्यावर आली. शिवाय गुळगुळीत तारेने पडदे कमी झिजत. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मोटाउन या ध्वनिमुद्रण-संस्थेसाठी १९६० च्या दशकात बास वाजविणारे जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) हे या नादाचे सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी मानले जातात. ते मूळचे डबल बासचे वादक होते. त्यांच्या १९६२ च्या प्रिसिजन बासवर जाड सपाट वेढ्याच्या तारा असत, आणि तार तुटल्याखेरीज ते ती बदलीत नसत. घोडीजवळ आवरणाखाली स्पंजची पट्टी असे आणि तीमुळे नाद अधिकच आखूड होई. जेमर्सन यांच्या स्वररचना अत्यंत चपळ व गुंतागुंतीच्या आहेत, आणि तरीही गायकाच्या शब्दांना त्या कोठेही अडथळा करीत नाहीत. याचे श्रेय त्यांच्या प्रतिभेला आहेच. परंतु व्यंजने ओळखण्यास आवश्यक असलेला दोन-चार हजार कंपनांचा प्रदेश त्यांच्या तारा मोकळा सोडीत, हेही त्याचे एक कारण आहे.

दुसरे टोक लंडनमध्ये आढळते. ‘द हू’ या वृंदाचे बासवादक जॉन एन्ट्विसल यांना पियानोच्या खर्जासारखा झणत्कार हवा होता. १९६५ च्या ‘माय जनरेशन’ या गीतात बासला स्वतंत्र वादनाची जागा होती. त्यासाठी त्यांनी बारीक तारांचे एक वेगळे वाद्य घेतले. पण त्याच्या तारा तुटत आणि सुट्या मिळत नसत. तारेसाठी पुन्हा पुन्हा नवे वाद्यच विकत घ्यावे लागले आणि अखेरीस ध्वनिमुद्रण निराळ्या वाद्यावर, निराळ्या तारांनी करावे लागले, अशी हकीकत त्यांनी पुढे सांगितली आहे. १९६६ मध्ये रोटोसाउंड या इंग्रज तारनिर्मात्यांच्या सहकार्याने त्यांनी आपल्या वाद्यावर पारखून गोल वेढ्याच्या तारांचा संच सिद्ध करविला. पियानोच्या खर्जाच्या तारांवरही गोल तांब्याच्या तारेचेच वेढे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे एन्ट्विसल यांची इच्छा आणि तिची पूर्ती यांतील संबंध स्पष्ट होतो. जेथे गिटार एकच आणि गायनाच्या मागील जागा मोठी, तेथे बासने ती जागा भरून काढावी, ही त्या वृंदाची गरज होती. पुढे ‘येस’ या वृंदाच्या क्रिस स्क्वायर यांनी हाच नाद स्वीकारला. अंगठ्याने तारेवर आघात करून वाजविण्याची जी पद्धत लॅरी ग्रॅहम यांच्यापासून पसरली, तिच्या पुढील वादकांनीही तारेच्या या प्रखर झणत्कारालाच आपलेसे केले.

या इतिहासावरून सपाट वेढा जुना आणि गोल वेढा आधुनिक, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. जमेकामधील रेगे संगीताचा खर्ज ॲस्टन बॅरेट यांच्यासारख्या वादकांनी सपाट वेढ्यावरच घडविला. ‘आयर्न मेडन’ या अत्यंत प्रखर वृंदाचे स्टीव्ह हॅरिस हेही सपाट वेढ्याच्याच तारा वापरतात, आणि त्या वारंवार बदलून नव्या ठेवतात. त्यांच्या बोटांच्या जोरदार आघाताने त्या तारांतूनही खणखणीत नाद निघतो. तार ही एक मर्यादा घालून देते. त्या मर्यादेच्या आत हात पुष्कळ काही ठरवितो. घोडीजवळ छेडल्यास वरचे उपस्वर वाढतात, दांडीकडे छेडल्यास मूलस्वर वाढतो, नखीने छेडल्यास आघात तीक्ष्ण होतो. ज्या बिंदूवर तार छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा निष्कंप बिंदू असेल तो उपस्वर उमटत नाही, हा नियम पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रात जुना आहे. तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळे या नियमाला अपवाद घडतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले. जवारी जे कार्य घोडीच्या वळणाने साधते, त्याच्या जवळपासचे कार्य बासवादकाला तारेच्या वेढ्याने आणि हाताच्या जागेने साधावे लागते.

५. झीज, घाम आणि खर्च

नादगुणाइतकाच व्यवहाराचाही विचार केला पाहिजे. गोल वेढ्याच्या खाचांत घाम, त्वचेचे कण आणि धूळ साठते. त्यामुळे वरचे उपस्वर दबतात, तारेचे वस्तुमान सर्वत्र समान राहत नाही आणि स्वर डळमळू लागतो. कोकण, मुंबई, गोवा यांसारख्या दमट प्रदेशांत ही प्रक्रिया विशेष जलद होते. नियमित वाजविणाऱ्यास अशा तारांचे पहिले तेज काही आठवड्यांतच गेल्याचे जाणवते. वादनानंतर कोरड्या फडक्याने तारा पुसणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. सपाट वेढ्याच्या तारा सामान्यतः महाग असतात. परंतु त्यांच्यात मळ साठण्यास जागा कमी, आणि त्यांच्या नादाची मातब्बरी प्रारंभिक तेजावर नसल्यामुळे त्या वर्षानुवर्षे चालतात. एकूण खर्चाचा हिशेब केल्यास त्या बहुधा स्वस्त पडतात.

पडद्यांची झीज ही दुसरी बाब. पडदे बहुधा तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात. स्टेनलेस पोलादाचा गोल वेढा त्यांना कानशीप्रमाणे घासतो. निकेलचा मुलामा दिलेला वेढा तुलनेने सौम्य असतो. पडदे नसलेल्या बासवर तर तार थेट लाकडावर घासते. जॅको पास्टोरियस यांना अशा बासवरही गोल वेढ्याचाच गाणारा, लांबणारा नाद हवा होता. त्यासाठी त्यांनी आपल्या १९६२ च्या वाद्याची पट्टी नौकांसाठी वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सीने कठीण करून घेतली. त्यांच्या १९७६ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील नाद या योजनेतून निघाला आहे. ज्याला पट्टीवर असे आवरण चढवावयाचे नाही, त्याने पडदे नसलेल्या वाद्यावर सपाट वेढा किंवा नायलॉनची पट्टी वापरणेच श्रेयस्कर.

तारांचा प्रकार बदलताना चारही तारांच्या एकत्रित ताणात काही किलोग्रॅमांचा फरक पडू शकतो. त्यामुळे दांडीचा बाक, तारांची उंची आणि घोडीची जागा पुन्हा जुळवून घ्यावी लागते. जाड तारेसाठी डोक्याकडील पट्टीतील खाचा रुंद केल्या, तर पुढे बारीक तार त्यांत सैल बसते. हा बदल परत फिरविता येत नसल्याने तो शेवटी करावा. सपाट वेढ्याची तार खुंटीसाठी कापावयाची असल्यास, कापण्याच्या जागेच्या अलीकडे ती आधी काटकोनात वाकवून घ्यावी. अन्यथा वेढा गाभ्यावरून सैल होऊन तार निकामी होण्याचा संभव असतो.

६. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा एक क्रम सुचतो. ‘कोणता नाद चांगला?’ हा पहिला प्रश्न नव्हे. वृंदात बासने कोणती जागा घ्यावयाची, हा पहिला प्रश्न होय. जेथे गायकाचे शब्द मुख्य, तालवाद्याशी बासचे नाते निकट आणि इतर वाद्यांनी वरचा प्रदेश आधीच व्यापलेला, तेथे सपाट वेढा आपले काम गाजावाजा न करता करतो. जेथे वाद्ये थोडी, बासला रागदारीतील वादकाप्रमाणे स्वतः ‘बोलावयाचे’ आहे, किंवा अंगठ्याच्या आघाताची शैली आहे, तेथे गोल वेढा आवश्यक ठरतो. दुसरा प्रश्न वाद्याचा : त्याला पडदे आहेत की नाहीत, आणि त्याची दांडी किती ताण सोसते. तिसरा प्रश्न हाताचा आणि खिशाचा. ज्याच्याजवळ एकच वाद्य आहे आणि ज्याची शैली अद्याप घडावयाची आहे, त्याने निकेल-मुलाम्याच्या गोल वेढ्यापासून आरंभ करणे सोयीचे, कारण त्यातून बोटांचे दोष स्पष्ट ऐकू येतात व सुधारता येतात. मात्र त्या तारा जुन्या होऊन मंदावल्यावर तोच नाद अधिक आवडू लागला, तर आपला कान सपाट वेढ्याकडे झुकतो आहे असे समजावयास हरकत नाही.

राहता राहिला प्रश्न संज्ञांचा. मराठीत या तारांना ‘सपाट वेढ्याची’ आणि ‘गोल वेढ्याची’ असे म्हणावे. नुसते ‘सपाट’ आणि ‘गोल’ म्हणू नये. ‘वेढा’ हा शब्द गाळला की विशेषण तारेवरून नादावर सरकते आणि अर्थ उलटा होतो. इंग्रजीतही ‘फ्लॅट’ हा शब्द उतरलेल्या स्वराचा वाचक असल्याने तेथील नवशिक्यांचा असाच गोंधळ होऊ शकतो. दुकानदारासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. त्या एका शब्दावर त्याचे पैसे आणि पुढील काही महिन्यांचा त्याच्या वाद्याचा आवाज अवलंबून असतो.